पाण्यापासून पाण्यापर्यंत

वैशाखातल्या दुपारी झाड पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटून घेते. कार्बन डायऑक्साइडची आवक घटते, साखर बनवण्याचे काम मंदावते. ऊन मात्र पडतच असते आणि हरितद्रव्य ते शोषतच असते. मग पाण्याच्या रेणूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांनी जायचे कुठे? शेजारी ऑक्सिजन असतो, पानाने स्वतःच पाणी फोडून तयार केलेला. त्यातले काही इलेक्ट्रॉन त्याच्याकडेच वळतात.

एक इलेक्ट्रॉन मिळाला की ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड होतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. त्याची सुट्या लोहाशी गाठ पडली, तर हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो आणि तो समोर येईल त्या रेणूची मोडतोड करतो. हे सगळे क्रियाशील ऑक्सिजनचे प्रकार. उजेड असेपर्यंत हरितलवकात त्यांची निर्मिती थांबत नाही. तरीही पान तगते, कारण त्यांना निपटणारी यंत्रणा जिथे ते जन्मतात तिथेच बसवलेली आहे.

ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने उलगडली. उजेडात ठेवलेली हरितलवके ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात, हे अ‍ॅलन मेहलर यांनी 1951 मध्ये दाखवले. जपानचे कोजी असादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकाची हरितलवके घेऊन 1974 मध्ये सिद्ध केले, की आधी तयार होतो तो सुपरऑक्साइड. 1981 मध्ये नाकानो आणि असादा यांनी त्याच पालकात पेरॉक्साइड संपवणारे विकर दाखवून दिले : अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज.

काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पुढे ढकलणाऱ्या दोन प्रणालींपैकी प्रकाशप्रणाली-1 पाशी सुपरऑक्साइड निर्माण होताच सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचे पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन करते. मग अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे आपले क जीवनसत्त्व, स्वतःचे इलेक्ट्रॉन देते आणि पेरॉक्साइडचे पाणी होते. खर्ची पडलेले अ‍ॅस्कॉर्बेट प्रकाशप्रणालीकडूनच आलेल्या इलेक्ट्रॉनांनी पुन्हा भरून निघते. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पाण्यातच परतले, म्हणून असादांनी 1999 च्या आपल्या आढाव्यात याला पाणी-पाणी चक्र म्हटले.

हिशेब मांडला तर हाती काहीच उरत नाही. जेवढा ऑक्सिजन सुटला तेवढाच वापरला गेला, साखरेचा कणही बनला नाही. पण या फेरीत जास्तीचे इलेक्ट्रॉन वाटेला लागतात आणि हरितलवकातल्या पटलाच्या आतल्या बाजूला प्रोटॉन साठून आम्लता वाढते. ती वाढली की पान शोषलेला प्रकाश उष्णतेच्या रूपाने सोडून देऊ लागते. एकीकडे निपटारा, दुसरीकडे बचाव.

ही यंत्रणा किती नाजूक आहे, हे पॅराक्वाट या तणनाशकावरून कळते. ते प्रकाशप्रणाली-1 कडून इलेक्ट्रॉन घेते, ऑक्सिजनला देते आणि पुढच्या फेरीला मोकळे होते. सुपरऑक्साइडचा लोंढा येतो, अ‍ॅस्कॉर्बेट संपत जाते. ते संपले की हरितलवकातले अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज काही सेकंदांतच निकामी होते. म्हणूनच फवारलेले तण भर उन्हात काही तासांतच माना टाकते.

प्रकाशप्रणाली-2 मधला धोका वेगळा. तिथे उत्तेजित हरितद्रव्य आपली ऊर्जा थेट ऑक्सिजनला देते आणि सिंगलेट ऑक्सिजन बनतो. कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये ती ऊर्जा झेलून उष्णतेत बदलतात. जे सुटते त्याचा मार आधी डी-1 या प्रथिनावर बसतो. झाड ते मोडके प्रथिन काढून तिथे नवे बसवते, आणि कडक उन्हात ही दुरुस्ती दिवसभर चालू असते.

इथवर क्रियाशील ऑक्सिजन हा केवळ शत्रू वाटतो. पण झ्युरिकमध्ये क्लाउस आपेल यांच्या गटाने अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपाच्या एका उत्परिवर्तित वाणावर काम केले. अंधारातून उजेडात आणताच त्यात सिंगलेट ऑक्सिजन तयार होई आणि रोपटी मरत. 2004 मध्ये त्यांनी दाखवले, की एक्झिक्युटर-1 हे जनुक निकामी केले तर सिंगलेट ऑक्सिजन तयार होऊनही रोपे जगतात. म्हणजे ती नुसती होरपळून मरत नव्हती. ऑक्सिजनने दिलेला इशारा ऐकून पेशी स्वतःच मृत्यूचा मार्ग धरत होत्या.

म्हणून उष्णता आणि दुष्काळ सोसणारी वाणे घडवताना क्रियाशील ऑक्सिजन मुळापासून पुसून टाकण्याचे ध्येय ठेवणे मला चुकीचे वाटते. ऊन अति झाले, ही खबर पेशीला त्याच्याकडूनच मिळते. झाडाला हवा आहे तो त्याच्यावरचा ताबा : इशारा पोहोचेल एवढा असावा, इजा होईल एवढा नसावा.