एका शेठजींची दौलत, सरकारी गजाने

अब्जांचे आकडे वाचून आम्हां व्यापाऱ्यांची नजर फिरते, अंदाज येत नाही. म्हणून कापड गजाने मोजतो तशी ही दौलत सरकारी खर्चाच्या गजाने मोजून पाहू.

फोर्ब्स मासिकाने २०२४ च्या यादीत मुकेश अंबानी यांची दौलत ११६ अब्ज डॉलर दाखवली. तेव्हाच्या ८३ रुपये भावाने ती सुमारे ९ लाख ६० हजार कोटी रुपये झाली. २०२४-२५ चा केंद्राचा एकूण खर्च ४८ लाख कोटींचा. म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. त्या साली ग्रामीण रोजगार हमीला ८६ हजार कोटी ठेवले. अशी अकरा साले निघतील. वस्त्रोद्योग मंत्रालयाला मिळाले सुमारे ४,४०० कोटी; अशी दोनशेहून जास्त!

मात्र खर्च दरसालचा असतो, दौलत ही शिल्लक मालाची किंमत. ती शेअरच्या भावात आहे, गल्ल्यात नाही. सगळा माल एकदम बाजारात आणला तर भाव पडतो, हे आमच्या बांधवांना सांगायला नको. म्हणून शेकडा एकचाच हिशेब करू. तो होतो ९,६०० कोटी, वस्त्रोद्योगाचा दोन सालांहून जास्त खर्च.

संपत्ती कर शेकडा एकच होता. पण १९९३ पासून शेअर त्यातून वगळले गेले. २०१३-१४ साली साऱ्या देशातून जेमतेम १,००८ कोटी जमले. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. बदली अधिभार आला, तो उत्पन्नावर.

आम्हांला कोणाच्या दौलतीचा मत्सर नाही. परंतु मागवाला सूत घेतानाच जीएसटी मोजतो. त्याचा माल खपो वा पडून राहो. मग मोठ्या शिलकीची नोंदही त्याच वहीत का नसावी?