एकटा गाठलेला बेचाळीस

पडद्यावर सहा उभ्या नि पाच आडव्या रांगा, म्हणजे तीस घरं. प्रत्येकात एक आकडा. वर हुकूम: सहाच्या पटीतले आकडे खा. आपला हिरवा खादाड प्राणी बाणांच्या कळांनी बरोबर घरात न्यायचा, स्पेसबार दाबायचा, की आकडा गट्टम. चुकीचा गिळला तर एक जीव गेला. शिवाय ट्रॉगल नावाचे राक्षस मधूनच शिरतात आणि सापडलात तर तुम्हालाच खातात. काही ट्रॉगल जाता जाता घरांत नवे आकडे टाकून आपलं काम वाढवतात.

हा ‘नंबर मंचर्स’. १९८६ साली ॲपल टू संगणकासाठी तो काढला ‘मेक’ने. ही मिनेसोटा राज्याने १९७३ मध्ये शाळांत संगणक पोहोचवण्यासाठी उभी केलेली संस्था. ‘ऑरेगन ट्रेल’ घरोघरी नेणारीही तीच. खेळाची जात उघडच ‘पॅक-मॅन’ची. पण इथे आकडा ओळखणं हाच घास. आधी पाच गणितं सोडवा, मग बक्षीस म्हणून दोन मिनिटं गोळीबार करा, असला सौदा नाही.

आपल्याकडे पाढा चालीत पाठ होतो. सहा एके सहा, सहा दुणे बारा... ही चाल भक्कम असते, पण पाठ केलेलं पोर बेचाळीसपर्यंत पायऱ्या चढतच पोचतं. खेळात बेचाळीस पस्तीस आणि सव्वीसच्या मध्ये एकटा उभा असतो, मागून ट्रॉगल येत असतो. सहा एकेपासून सुरुवात करायला सवड कुठली? मूळ संख्यांच्या फेरीत तर चालही मदतीला नाही. एक्कावन्न चेहऱ्याने मूळ संख्येसारखा साळसूद दिसतो, पण निघतो तीन सतरे. एक हा आकडाही भल्याभल्यांना फसवतो.

तरी माझ्या मते हा खेळ शिकवत नाही, शिकलेलं धारदार करतो. चूक ही चूकच. किती चुकलं याला तिथे अर्थ नाही.

त्याआधी, सत्तरच्या दशकात, इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ संगणकव्यवस्थेवर शेरन डगडेल आणि डेव्हिड किबी यांनी ‘डार्ट्स’ केला होता. उभ्या संख्यारेषेवर फुगे टांगलेले. फुग्याची जागा अपूर्णांकात टाइप करायची, बाण सुटून तिथेच रुततो. फुगा एक आणि दोनच्या बरोबर मध्ये असेल आणि मुलाने १ १/४ लिहिलं, तर बाण खाली लागलेला दिसतो. पुढचा अंदाज त्या बाणावरूनच बांधता येतो. घाईच्या खेळांना हे क्वचितच जमतं.

थॉमस मलोन यांनी १९८० च्या प्रबंधासाठी याच ‘डार्ट्स’चे भाग एकेक काढून पाचवीच्या मुलांना खेळायला दिले. बाणाने फुगे फुटण्याची कल्पना मुलग्यांना आवडली. मुलींना ती नकोशी वाटल्याचं दिसलं. गणित दोघांसाठी तेच होतं.