सोलरची पांढरी नळी

भीमा आणि मुळा-मुठेच्या काठच्या राहू बेटात घराघरांवर सोलरचे बंब दिसतात. दुहेरी काचेची खिडकी इथे विरळाच, पण दुहेरी काच मात्र अशी गच्चीवर पोचली आहे.

सोलरची प्रत्येक नळी म्हणजे एकात एक बसवलेल्या काचेच्या दोन नळ्या. मधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. जेम्स ड्यूअरने 1892 मध्ये थर्मास बनवला, तो याच तत्त्वावर.

पाणी कोमट येऊ लागलं की आधी नळीचं खालचं टोक पाहा. तिथे आरशासारखा चकचकीत, चंदेरी ठिपका असतो. तो बेरियम धातूचा मुलामा. आत उरलेला वायू तो शोषून घेतो. काचेला बारीकशी चीर गेली, हवा शिरली, की हाच ठिपका दुधासारखा पांढरा होतो. दुहेरी खिडकीच्या काचांमध्ये धुकं साचतं, तसाच हा इशारा. तिथे काचांची जोडी बदलतात, इथे नळी. निर्वात पोकळी घरी पुन्हा तयार करता येत नाही.

ठिपका चंदेरी असूनही पाणी तापत नसेल, तर बोअरच्या पाण्याचा क्षार तपासा. आतल्या पांढऱ्या थरावर लिंबूसत्वाचं पाणी चालतं.

नळी बदलायची ती पहाटे, टाकी रिकामी करून. रबरी रिंगला साबणाचं पाणी लावून नळी हलकेच फिरवत बसवा. आणि उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी कधीही सोडू नका, काच तडकते.