ठिणगी धरणे आणि पेट घेणे : अग्निप्रज्वलनातील आद्य पदार्थाची निवड

उघड्यावर अग्नी पेटविताना अपयश आले, तर त्याचे खापर बहुधा ओल्या लाकडावर फोडले जाते. वस्तुतः दोष पुष्कळदा लाकडाच्या आधीच्या पायरीत असतो. ठिणगीपासून लाकडापर्यंत अग्नी एकदम जात नाही. अल्पशी उष्णता स्वीकारील, ती टिकवील आणि पुढे देईल, असा एक पदार्थ मध्ये असावा लागतो. या पदार्थाला आजच्या मराठीत सर्वमान्य असे नाव उरलेले नाही. ‘काटक्या’, ‘सरपण’, ‘जळण’ हे शब्द पुढील पायऱ्यांचे आहेत. तथापि नामाने जे गमावले ते क्रियापदांनी राखले आहे, आणि योग्य पदार्थाची निवड त्यांच्याच आधारे समजावून घेता येते.

कापूस ठिणगी ‘धरतो’, मग ‘धुमसतो’. फुंकर घातली की निखारा ‘फुलतो’. गवत ‘पेट घेते’ आणि शेवटी अग्नी ‘भडकतो’. यांतील धुमसणे आणि पेट घेणे हा भेद केवळ तीव्रतेचा नव्हे. धुमसताना प्राणवायूचा संयोग घन पदार्थाच्या पृष्ठभागावरच घडतो, ज्योत नसते. पेट घेताना मात्र उष्णतेने पदार्थाचे विघटन होऊन निघालेले वायू हवेत मिसळून जळतात. क्रिया दोन, म्हणून त्यांना लागणारे पदार्थही दोन प्रकारचे. जो चटकन पेट घेतो, तो ठिणगी धरीलच असे नाही.

चकमकीच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ‘चकमक’ हा शब्द मूळचा तुर्की असून फार्सीच्या द्वारे तो भारतीय भाषांत आला. पोलादावर गार आपटली असता पोलादाचा सूक्ष्म कण खरवडून निघतो व हवेत जळतो; हीच ठिणगी. तिचे तापमान बरेच असले तरी कण इतका लहान असतो की एकंदर उष्णता अत्यल्पच मिळते. साध्या कापसाच्या विघटनालाही ती पुरत नाही. म्हणून कापूस वा जुने सुती कापड आधी कोळसवून घ्यावे लागते. बारीक छिद्र असलेल्या बंद डब्यात कापडाचे तुकडे ठेवून डबा निखाऱ्यांवर तापवावा. छिद्रातून धूर येणे थांबले की उतरवावा आणि पूर्ण निवाल्यावरच उघडावा, अन्यथा आत शिरलेल्या हवेने कापड जळून राख होते. विघटनाचे काम आधीच उरकलेले असल्याने असे काळे कापड दुर्बळ ठिणगीही धरते.

१८२७ मध्ये इंग्लंडात जॉन वॉकर याने घर्षणाने पेटणाऱ्या काड्या विकण्यास आरंभ केला. पुढे सुरक्षित आगकाडीचा प्रसार झाला. आगकाडी ठिणगी देत नाही, ज्योतच देते. त्यामुळे ठिणगी धरण्याची पायरीच वगळली गेली. पायरी गेली तशी वस्तूही गेली, आणि ‘चकमक’ हा शब्द मुख्यतः लहानशा लढाईचा वाचक होऊन राहिला.

धुमसणाऱ्या पदार्थाचे महत्त्व अन्यत्रही दिसते. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील हिमनदीत सापडलेल्या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या मानवाजवळ ‘फोमेस फोमेंटॅरियस’ या कवकाचा तयार केलेला गोळा होता. त्यावर पायराइट या खनिजाचे सूक्ष्म कण आढळले. ‘फोमेस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच अग्नी धरणारा पदार्थ असा आहे. वृक्षाच्या खोडावर वाढणाऱ्या या कवकाचे वरील कठीण कवच काढून आतील मऊ थर कुटून वाळविला जाई; पुढील काळात तो सोऱ्याच्या पाण्यात भिजविण्याचीही पद्धत होती. सोरा तापल्यावर प्राणवायू देतो, त्यामुळे धुमसणे सुलभ होते.

सह्याद्रीच्या परिसरात मिळणाऱ्या पदार्थांना हीच कसोटी लावावी. काटेसावरीचा कापूस आणि रुईच्या बियांवरील तंतू, ज्यांना मुले ‘म्हातारी’ म्हणतात, ज्योत लागताच क्षणात भडकून संपतात. निखारा धरून ठेवण्याचे सामर्थ्य त्यांत नाही. वाळलेल्या गोवरीचा चुरा याच्या उलट : तो सहज पेटत नाही, पण एकदा धरलेला विस्तव दीर्घकाळ राखतो. शेजारच्या घरून गोवरीवर विस्तव आणण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली होती. नारळाच्या सोडणाचे तंतू मधल्या कामाचे. तळहातांत चोळून मोकळे केले की ते निखाराही सांभाळतात आणि फुंकरीने पेटही घेतात.

ओलावा हा सर्वांचा समान शत्रू होय. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असता कोरडा भासणारा कापूसही आपल्या शुष्क वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो. पावसाळी कोकणात हे प्रमाण आणखी वाढते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० उष्मांक खर्च होतात, आणि ठिणगीजवळ तेवढी पुंजी नसते. म्हणून कोळसविलेले कापड घट्ट झाकणाच्या डबीतच ठेवावे, आणि तंतू वापरापूर्वी उन्हात वा अंगाच्या उबेत सुकवावेत.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम यावरून आपोआप ठरतो. तंतूंचे पक्ष्याच्या घरट्यासारखे पोकळ वेटोळे करावे. काळ्या कापडाने ठिणगी धरली की ते मध्ये ठेवून वेटोळे सैलसर मिटावे आणि संथ, लांब फुंकर घालावी. धूर दाट झाला म्हणजे ज्योत जवळ आली असे समजावे. त्यानंतर काडीइतक्या बारीक काटक्या, मग बोटाएवढ्या, आणि अखेरीस सरपण. राखीव वनात अग्नी पेटविण्यावर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे निर्बंध आहेत. अन्यत्रही भोवतालचे गवत साफ करूनच आरंभ करावा आणि निघताना राखेत पाणी घालून ती हाताला थंड लागेपर्यंत ढवळावी. राखेखाली धुमसणारा विस्तव वाऱ्याने पुन्हा फुलतो.

पारिभाषिक शब्द घडविताना या पदार्थाला नुसते ‘ज्वलनशील’ म्हणणे, यास्तव, दिशाभूल करणारे ठरेल. त्याचा व्यवच्छेदक गुण जळणे हा नसून धरणे हा आहे, आणि नवे नाम योजावयाचेच झाल्यास ते ‘धरणे’ या धातूपासूनच सिद्ध करणे युक्त होईल.