१६० चौरस फुटांतली उपासना

मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. ४२ इमारती, तळमजला धरून चार मजले, एकेका मजल्यावर २० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. दार दिवसभर उघडे, शौचालय सामाईक, शेजाऱ्याच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात वाजते. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, की प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव आणि पित्याशी एकांतात बोल. घरात पाच-सहा माणसे असताना ख्रिस्ती माणसाने हे पाळायचे कसे? पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळाले तरी प्रश्न सुटत नाही. भिंती वाढतात, पण एकांत आपोआप वाढत नाही.

याचे उत्तर येशूच्याच दिनक्रमात आहे. कफर्णहूमात संध्याकाळी सगळे गाव शिमोनाच्या दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच येशू उठला आणि प्रार्थनेसाठी गावाबाहेर गेला. ती निवांत जागा त्याला मिळाली पहाटेमुळे. चाळीतही नळाला पाणी येण्याआधीची वीस मिनिटे अशीच असतात. कुणाला ती रात्रपाळीहून परतल्यावर मिळतील, कुणाला लोकलच्या खिडकीशी. वेळ कोणतीही चालेल, पण रोज तीच असावी. रविवारी दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये मिस्सा झाली किंवा मंडळीत उपासना झाली, तरी उरलेल्या सहा दिवसांचे पोषण याच वीस मिनिटांतून होते.

या वेळात करायचे काय? आधी वाचन, मग प्रार्थना. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बरेचदा आपण डोळे मिटतो आणि लगेच मागायला लागतो: नोकरी, आजारपण, मुलांच्या परीक्षा. मागण्यात गैर काही नाही, पण रोज तेच बोलून जीव कंटाळतो आणि हळूहळू प्रार्थनाच सुटते. वचन आधी वाचले की संभाषणाची सुरुवात देव करतो आणि आपण उत्तर देतो.

सुरुवातीला मार्कचे शुभवर्तमान घ्यावे. चौघांत ते सर्वांत छोटे, १६ अध्यायांचे आहे. रोज एकच प्रसंग वाचावा. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसियन मठाधिपतीने या वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवापुढे नुसते स्वस्थ बसणे. दासबोधाच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला श्रवण आणि मनन नव्याने शिकवावे लागत नाही. दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तीमय घ्या. तो रस्त्याच्या कडेला भीक मागत बसला आहे, हाका मारतो आहे, लोक त्याला गप्प करत आहेत. येशू थांबतो आणि त्याला विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? हा प्रसंग दोनदा मोठ्याने वाचा. मन जिथे अडखळेल तिथे थांबा. कदाचित गप्प करणाऱ्या गर्दीत तुम्ही स्वतःला ओळखाल, कदाचित तो प्रश्न तुम्हालाच विचारलेला वाटेल. त्याचे तुम्ही मनापासून जे उत्तर द्याल, तीच तुमची त्या दिवशीची प्रार्थना.

मोठ्याने वाचा असे म्हणतो, कारण मराठी ख्रिस्ती परंपरा ऐकण्यावर पोसलेली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या, म्हणण्यासाठी आणि ऐकण्यासाठी रचलेल्या. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. हेतू हा, की बेताचे शिकलेल्या बाईलाही ते कळावे. १९२२ साली मृत्यू होण्याआधी त्यांनी हे काम पुरे केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ तर २०१० सालचे, आजच्या भाषेतले. वाचताना अडखळायला होत नाही ते भाषांतर आपले मानावे.

प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत, ही तक्रार सर्वांची असते. त्यासाठी स्तोत्रसंहिता आहे. तिच्यातली १५० स्तोत्रे म्हणजे नुसती स्तुती असेल असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यांतली कितीतरी गाऱ्हाणी आहेत. तेरावे स्तोत्र देवाला सरळ विचारते, की किती काळ मला विसरणार? अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. मराठी माणसाला हे ओळखीचे वाटावे, कारण विठ्ठलाशी भांडणारा तुकोबा त्याच्या कानात आहे. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून देवापुढे रागावलात, रडलात, तरी विश्वास कमी पडला असे समजू नका. गाऱ्हाणे तरी कुणाकडे नेतो आपण? जो ऐकतो त्याच्याकडेच. मागण्या कुठे ठेवायच्या तेही येशूने शिकवले आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आधी पित्याचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा येते आणि मग रोजची भाकर.

सकाळ वचनाची, तर रात्र उपकारस्तुतीची. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाअखेरच्या आत्मपरीक्षणाची रीत घालून दिली, तिची पहिली पायरी उपकार मानण्याची आहे. चुकांचा हिशेब त्यानंतर. हा क्रम शहाणपणाचा आहे. मिळालेले आठवले की अपराध कबूल करायला धीर येतो. पण उपकार मोघम मानू नयेत. १३६ व्या स्तोत्राच्या २६ ओव्या सृष्टी, मिसरातली सुटका अशी एकेक गोष्ट नाव घेऊन सांगतात. तसेच आपणही सांगावे: शेजारणीने पाणी भरून ठेवले, तापातून पोर उठले, कुणी तरी पगाराआधी उसने दिले.

इथे एक गैरसमज मनाला फार जखमा करतो. संत पौल प्रत्येक परिस्थितीत उपकारस्तुती करा म्हणतो. त्या वचनात तो प्रत्येक परिस्थितीबद्दल करा असे म्हणत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरणगावातल्या किती घरांतली चूल त्याने विझवली! त्या बेकारीबद्दल देवाचे आभार मान, असे कुणालाही सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या दिवसांत कुणी डबा पाठवला असेल, त्याबद्दल मात्र आभार मानता येतात, आणि तसे मानणारा माणूस कोसळत नाही. काळजी सोडून आभारासह विनंती करा, हे पौलाने फिलिप्पैकरांना लिहिले तेव्हा तो स्वतः तुरुंगात होता.

वाढ होते आहे हे कशावरून ओळखावे? प्रार्थनेत डोळे भरून येतात का, यावरून ओळखू नये. पौल आत्म्याचे फळ सांगताना प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी नऊ नावे घेतो आणि त्यांतली बहुतेक चारचौघांत राहतानाच दिसतात. नळावरच्या भांडणात आवाज खाली आला, सुनेशी बोलताना शब्द जपून आले, तर वचन आत उतरते आहे. मधले काही महिने अगदी कोरडे जातील. तेव्हा एकट्याने झुंजू नका. घरगुती प्रार्थनेला जा, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली टिळकांची पदे इतरांबरोबर म्हणा, आपला विश्वास थकला की मंडळी आपल्याला धरून ठेवते.

मुंबईतल्या ख्रिस्ती घरांतली अनेक मुले आता इंग्रजी माध्यमात शिकतात आणि आजीचे मराठी बायबल कपाटात पडून राहते. तेरावे स्तोत्र सहाच ओव्यांचे आहे. आज रात्री जेवणानंतर ते बायबल काढा, आजीला वाचायला सांगा आणि घरातल्या प्रत्येकाला दिवसातला एक उपकार नाव घेऊन सांगू द्या.