आमच्या पडवीतले गोकुळ

शाळेतील मुले माझ्या पाठीमागे मला ‘कुत्र्यांचे हेडमास्तर’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्यात खोटे असे काही नाही. फोंडा तालुक्यातील आमच्या घराच्या पडवीत गेल्या आठ वर्षांत सव्वीस कुत्री राहून गेली. ‘राहून गेली’ हे शब्द मी जाणून योजिले आहेत. कारण त्यांतले एकही आमचे नव्हते. कोणी वाहनाखाली सापडलेले, कोणी ऐन पावसात पुलाखाली टाकून दिलेले. त्यांना बरे करावयाचे, माणसांत वावरावयास शिकवावयाचे आणि योग्य घर लाभताच त्या घरी धाडावयाचे, एवढेच आमचे काम.

आमची कन्या याला ‘फॉस्टर करणे’ म्हणते. मराठीत यास नेमका प्रतिशब्द नाही, याची भाषेच्या मास्तराला रुखरुख लागावी हे ओघानेच आले. ‘दत्तक’ म्हणावे, तर तो कायमचा संबंध; आमचा त्याच्या अलीकडचा. हा तिढा आमच्या सौ.ने एका वाक्यात सोडविला. “अहो, यशोदेने केले तेच की हे!” तेव्हापासून आमच्या घरी या मुक्कामाला ‘गोकुळवास’ असे नाव पडले आहे.

गोकुळवासाचे शास्त्र आम्ही चुका करीत शिकलो. अनाथ पिल्लू दिसले की माणसे कनवाळूपणाने गाईचे दूध पुढे करतात. त्याने त्याला हगवण लागते. जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावे लागते, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढील मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. या सर्व नोंदींसाठी मी एक हजेरीपुस्तकच घातले आहे. आमचे स्वयंपाकघर शाकाहारी. त्यामुळे मागील दारी एक वेगळी चूल मांडली आहे, तिच्यावर उकड्या तांदळाच्या पेजेत कोंबडीचे तुकडे शिजतात. सौ. तिकडे न पाहता ढवळते.

त्या हजेरीपुस्तकात २०२१ च्या आषाढातील एक पान आहे. एका विद्यार्थ्याने रेनकोटच्या खिशातून भिजलेले पिल्लू आणले. पडवीत आधीची दोन पिल्ले होतीच. थंडीने कुडकुडणारा तो जीव मी त्यांच्याच गोणपाटावर ठेवला. पाचव्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत उरलेल्या दोघांनाही. हा पार्व्हो नावाचा विषाणू. तो जमिनीत कित्येक महिने तग धरतो आणि घरोघरच्या फिनेलला दाद देत नाही. ब्लीचिंगच्या द्रावणानेच जागा धुवावी लागते. डॉक्टरांनी सलाइने लावली. एक पिल्लू वाचले, दोन गेली. रेनकोटमधून आलेले तेवढे वाचले, म्हणून तो मुलगा आनंदला. मला मात्र त्याच्याकडे पाहवेना. तेव्हापासून नवा पाहुणा न्हाणीघराशेजारच्या खोलीत चौदा दिवस एकटा राहतो. ही अक्कल मला आधी का सुचली नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

रेबीजचे भयही लोक वारंवार बोलून दाखवितात, आणि ते रास्त आहे. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘मिशन रेबीज’ या अभियानाने आमच्या गोव्यात गावोगाव जाळी घेऊन कुत्र्यांना लसी टोचल्या आणि शाळाशाळांतून मुलांना धडे दिले. २०२१ मध्ये राज्य शासनाने गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. तरीही दात किंवा नख लागले, तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठावा. आम्ही उभयतांनी प्रतिबंधक लस आधीच टोचून घेतली आहे.

खरी परीक्षा पुढेच असते. पिल्लू हुंदडू लागले की आम्ही स्थळे पाहू लागतो. होय, ‘स्थळे’च म्हणतो, कारण प्रकार अगदी तोच! नर हवा, रंग उजळ हवा, कान उभे हवेत. काळ्या मादीला स्थळ येत नाही. आम्हीही मग वधूपित्याचा ताठा सोडून तिचे गुण वर्णू लागतो. एका कुटुंबाने तीन आठवड्यांनी पिल्लू परत आणले. घरमालकाची हरकत होती म्हणे. आता पहिला प्रश्न तोच विचारतो: घर स्वतःचे की भाड्याचे? दुसरा, मे महिन्यात गावी जाल तेव्हा हिला कोण पाहील? तिसरा, शस्त्रक्रिया करून घ्याल ना? या तिन्ही प्रश्नांना चटकन ‘होय, होय’ म्हणणाऱ्यांकडे सौ. जरा संशयानेच पाहते.

भागवताच्या पाचव्या स्कंधात भरतराजाची कथा आहे. राज्य सोडून गंडकीतीरी तप करणाऱ्या त्या राजाने एक पोरके पाडस वाढविले, त्यात जीव गुंतविला आणि अंतकाळी त्याचेच ध्यान लागून तो पुढील जन्मी हरिण झाला. दुसऱ्या पिल्लाला निरोप देताना माझे डोळे भरून आले, तेव्हा मी सौ.ला ही कथा ऐकविली. ती म्हणाली, “त्या भरताने पाडसाला वेळीच स्थळ पाहायला हवे होते.”

गेल्या वर्षी मात्र प्रकरण शाळेपर्यंत आले. आमच्या शाळेच्या आवारात सहा वर्षांपासून एक तांबडी कुत्री होती. मुले तिला तांबू म्हणत. ती घंटेखाली निजे. पकडणाऱ्यांच्या हाती ती कधीच लागली नव्हती. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांच्या कानाला खूण कापतात, तिचे दोन्ही कान अखंड होते. दिवाळीच्या सुट्टीत ती सरपणाच्या ढिगामागे व्याली. चार पिल्ले झाली. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हलवावीत आणि शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे जेथून पकडले तेथेच सोडण्याचा दंडक होता. येथे तो लागू नव्हता.

मुख्याध्यापक म्हणून मी त्या आदेशाशी वाद घालणार नाही. पहिलीतल्या पोराला कुत्रा चावला, तर त्याच्या आईला तोंड मलाच द्यावयाचे आहे. पण पिल्लांना पाजणाऱ्या मादीवर शस्त्रक्रिया करीत नाहीत, आणि तिला पिल्लांपासून तोडणेही बरे नव्हे. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर शेजाऱ्याच्या टेम्पोतून ती पाचही जणे आमच्या पडवीत आली.

जानेवारीपर्यंत चारही पिल्ले गेली. शेवटची, एका पायाने लंगडणारी, डिचोलीच्या एका शिंपीणबाईंनी नेली. त्यांनी रंग विचारला नाही की कान पाहिले नाहीत. तांबूची शस्त्रक्रिया झाली, कानाला खूण झाली. पण सहा वर्षांच्या कुत्रीला कोण नेणार? ज्या दिवशी शेवटचे पिल्लू गेले, त्या दिवशी ती फाटकाशी बसली आणि साडेदहाच्या सुमारास कान टवकारून उभी राहिली. ती शाळेच्या मधल्या सुट्टीची वेळ. आमच्या घरापासून घंटा ऐकू येत नाही.

साखळीचे एक निवृत्त शिक्षक, एकटेच राहणारे, येत्या रविवारी तिला पाहावयास येणार आहेत. त्यांनी दूरध्वनीवर एकच प्रश्न विचारला, “ती रात्री कोठे निजते?” सौ.ने तिला काल न्हाऊ घातले. आज पुन्हा घातले. मी कारण विचारले नाही.