टेरी फॉक्सच्या नावाची शिष्यवृत्ती

कॅनडाच्या केंद्र सरकारने १९८२ साली ५० लाख डॉलरचा कायम निधी दिला आणि त्यातून टेरी फॉक्सच्या नावाची शिष्यवृत्ती उभी राहिली. टेरी आदल्याच वर्षी, २८ जूनला, वयाच्या २२व्या वर्षी गेला होता. कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावलेला, कर्करोग संशोधनासाठी देशाकडे मदत मागणारा मुलगा म्हणून जग त्याला ओळखते. या शिष्यवृत्तीचे निकष मात्र त्याच्या व्हीलचेअरवरच्या दिवसांकडे पाहिल्यावर जास्त नीट उमगतात.

१९७७च्या मार्चमध्ये हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. तोपर्यंत सायमन फ्रेझर विद्यापीठात तो बास्केटबॉल खेळत होता. त्याच उन्हाळ्यात, केमोथेरपी चालू असतानाच, रिक हॅन्सनने त्याला व्हँकूवरच्या व्हीलचेअर बास्केटबॉल संघात बोलावले. रिक त्याच्याहून जेमतेम एक वर्षाने मोठा. पंधराव्या वर्षी ट्रकच्या अपघातात त्याचा मणका दुखावला आणि पाय गेले. सांत्वनाला खूपजण येतात. रिकने टेरीला सरावाची वेळ दिली.

हा खेळ अंगाची कसोटी पाहतो. रिंग नेहमीच्या बास्केटबॉलइतकीच उंच, १० फुटांवर. पण चेंडू टाकायचा बसून, कंबरेखालचा जोर न वापरता. चेंडू मांडीवर ठेवून चाके दोनदाच ढकलता येतात, मग टप्पा पाडायचा, पास द्यायचा नाहीतर बास्केटच्या दिशेने फेकायचा. वळणे, थांबणे, अडवणे सगळे हातांवर. त्यासाठी टेरी समुद्रकाठच्या रस्त्यावर आणि डोंगराच्या चढावर खुर्ची ढकलत राही, हातांतून रक्त येईपर्यंत. दोन महिन्यांत राष्ट्रीय स्पर्धेसाठी त्याची निवड झाली; पुढे या संघाबरोबर त्याने तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. धावण्यासाठी लागणारे खांदे, दम आणि हट्ट इथे घडले, असे मला ठामपणे वाटते. धावायचे का, ते मात्र केमोथेरपीच्या वॉर्डात शेजारच्या खाटांवरची तरुण मुले पाहून ठरले.

टेरी गेल्यावर रिक निघाला. १९८५ ते १९८७ या काळात व्हीलचेअरवरून ३४ देश आणि ४०,००० किलोमीटर पार करत त्याने मणक्याच्या दुखापतींवरील कामासाठी निधी जमवला. कोणी कोणाला घडवले याचा हिशेब या दोघांत मांडता येत नाही.

आता शिष्यवृत्ती. आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हटली की आधी गुणपत्रिका पुढे येते. इथेही अभ्यास चांगला हवाच, पण खरा भर मोबदल्याविना केलेल्या समाजसेवेवर असतो. अडचणींना अर्जदार कसा सामोरा गेला, खेळात किंवा व्यायामात भाग घेतो का, हेही पाहतात. पदकांची अट नाही. तरुणांसाठी, पदवीच्या शिक्षणासाठी असलेली ही मदत चार वर्षांपर्यंत मिळू शकते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती नूतनीकरणाची अट. एकदा निवड झाली म्हणजे पदवीपर्यंतची सोय झाली, असे इथे नाही. पुढच्या वर्षीची रक्कम हवी असेल तर अभ्यास समाधानकारक हवा आणि सेवेचे कामही चालू असायला हवे. धावताना टेरीने स्वतःच्या फायद्याचे जाहिरातींचे प्रस्ताव नाकारले होते. त्याच्या नावाचे पैसे घेणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणून दर वर्षी सांगावे लागते, की या वर्षात दुसऱ्या कोणासाठी काय केले.